यील्ड ९५ टक्के, पण कोणत्या रूपाचं?

मल्टिकंपोनंट रिअ‍ॅक्शनवरचे पेपर उघडले की एक दावा हमखास भेटतो: सगळं एकाच फ्लास्कमध्ये, कमी वेळात, यील्ड ९० टक्क्यांच्या वर. पीएच.डी.ची तयारी करताना तुम्हीही असे पेपर वाचत असाल. माझा आक्षेप यील्डवर नाही. जे लिहिलेलंच नसतं, त्यावर आहे.

बिगिनेली रिअ‍ॅक्शन घ्या. १८९१ पासूनची आहे. आल्डिहाइड, युरिया आणि इथाइल अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट मिळून डायहायड्रोपिरिमिडिनोन बनतं. त्यातला चौथ्या स्थानावरचा कार्बन कायरल. कॅटलिस्ट अकायरल असेल तर आर आणि एस निम्मे-निम्मे, म्हणजे रेसिमिक. पण कॅटलिस्ट बदलून लिहिलेल्या कितीतरी पेपरांत रचना वेजशिवाय काढलेली असते आणि 'रेसिमिक' हा शब्द सापडत नाही.

त्यानं काय बिघडतं? मोनॅस्ट्रॉल याच घराण्यातलं, फक्त युरियाच्या जागी थायोयुरिया. पेशीविभाजनातलं एक मोटर प्रोटीन ते अडवतं, आणि त्यात एस रूप आरपेक्षा बरंच प्रभावी आहे. आपल्या काटोलच्या संत्र्याच्या सालीतलं लिमोनीनही जवळजवळ सगळं आर रूपातलंच. झाड निवड करतं. आपण केली नसेल तर तसं सांगावं. निवड अशक्य नाही: २००५ मध्ये कायरल यटर्बियम कॅटलिस्टनं आणि २००६ मध्ये कायरल फॉस्फोरिक आम्लानं बिगिनेलीत ती साधली गेली.

म्हणून पेपर वाचताना तीन प्रश्न विचारा.

१. नवे कायरल कार्बन किती? बिगिनेलीत एकच. मॅनिखमध्ये सायक्लोहेक्झॅनोन आणि बेंझाल्डिहाइड घेतले तर दोन, म्हणून सिन-अँटीचा प्रश्न येतो.

२. डायस्टिरिओमरचं प्रमाण क्रूडच्या एनएमआरवरून काढलंय का? रिक्रिस्टलायझेशननंतरचा आकडा रिअ‍ॅक्शनचा नसतो, गाळण्याचा असतो.

३. एनान्शिओमेरिक एक्सेस कशावर मोजला? साध्या एनएमआरमध्ये दोन्ही एनान्शिओमर सारखेच दिसतात. बहुतेक वेळा कायरल कॉलमचं एचपीएलसी लागतं. आणि ९०:१० म्हणजे एक्सेस ८० टक्के, ९० नव्हे.

तालुक्याच्या कॉलेजात कायरल कॉलम नसतो, मान्य. पण 'रेसिमिक' लिहायला कुठलंही यंत्र लागत नाही. तुमच्या प्रबंधात तो शब्द असला, तर तुमच्या बाकीच्या आकड्यांवरही परीक्षकाचा विश्वास बसेल.