पेशीपटल : चित्र उत्तम, उपमा सदोष

मेदरेणूंचा दुहेरी थर आणि त्यात हिमनगांसारखी तरंगणारी प्रथिने : पेशीपटलाचे हे चित्र सर्वांच्या परिचयाचे आहे. सिंगर आणि निकोल्सन यांनी १९७२ साली मांडलेल्या ‘फ्लुइड मोझेक’ प्रतिकृतीवरून ते आले. वर्गात मात्र त्याच्या जोडीला बहुधा चाळणीची उपमा येते. आमची तक्रार आहे ती या उपमेविषयी.

आधी चित्राचे श्रेय. १९३५ च्या डॅव्हसन-डॅनिएली प्रतिकृतीत प्रथिने मेदथराच्या दोन्ही बाजूंना लिंपलेली होती. १९७० साली फ्राय आणि एडिडिन यांनी उंदराच्या व माणसाच्या पेशींचा संयोग घडवला, तेव्हा दोघांची पृष्ठप्रथिने ३७ अंश सेल्सिअसला सुमारे ४० मिनिटांत एकमेकांत मिसळून गेली. पटल भिंतीसारखे घट्ट नसून तेलासारखे प्रवाही आहे, हे चित्राने सहज पटवले. उणीव एवढीच, की त्यात प्रथिने फार विरळ दिसतात. प्रत्यक्षात अनेक पटलांचा वजनाने जवळजवळ निम्मा भाग प्रथिनांचा असतो.

आता चाळणी. चाळणी फक्त आकार पाहते. बारीक ते खाली, जाड ते वर. पटलाचे तसे नाही. सोडियमचा आयन पोटॅशियमच्या आयनापेक्षा लहान असतो. तरीही पोटॅशियमची प्रथिनवाहिनी पोटॅशियमला सोडते आणि सोडियमला अडवते. याचे कारण १९९८ साली मॅकिनन यांनी उलगडलेल्या वाहिनीच्या रचनेतून कळले. पाण्यात आयनाभोवती पाण्याच्या रेणूंचे कडे असते. वाहिनीतील ऑक्सिजन अणू पोटॅशियमला त्या कड्याची नेमकी भरपाई देतात. सोडियम लहान असल्याने ते त्याला नीट वेढू शकत नाहीत. म्हणून तो पाण्यातच राहणे पसंत करतो.

शिवाय खाली पडलेले पीठ कोणतीही चाळणी पुन्हा वर चढवत नाही. पेशीपटल हेही करते. स्कू यांनी १९५७ साली शोधलेला सोडियम-पोटॅशियम पंप एटीपीचा एक रेणू खर्चून सोडियमचे ३ आयन बाहेर टाकतो व पोटॅशियमचे २ आत घेतो, तेही कमी संहतीकडून जास्त संहतीकडे.

हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. जुलाबावर मीठ-साखर-पाणी द्यावे, हे मुले शिकतात. “मिठाबरोबर साखर कशाला?” असे एखाद्याने विचारले, तर चाळणीपाशी उत्तर नाही. लहान आतड्याच्या पेशीपटलातील एक प्रथिन सोडियम व ग्लुकोज यांना जोडीनेच आत घेते आणि त्यांच्यामागोमाग पाणी शोषले जाते. पटकीसारख्या रोगातही ही वाट चालू राहते. साखर चवीपुरती नसते, हे ज्याला कळले तो ती वगळणार नाही.

तेव्हा शिक्षकांनी चित्र ठेवावे, चाळणी सोडावी. फळ्यावर प्रथिने दाटीने काढावीत आणि निदान तिघांपुढे त्यांचे काम लिहावे : वाहिनी, पंप, जोडवाहक. ‘निवडक्षम’ या शब्दाला अर्थ येतो तो तिथे.