पोटापाण्याचं विचारणारी प्रेमकथा

मुलगा मुलगी बघायला येतो. चहापाणी होतं, मोठी माणसं म्हणतात, तुम्ही दोघं आत बसून जरा बोलून घ्या. दोघं आतल्या खोलीत जातात आणि खोलीचं दार जे अडकतं ते काही केल्या उघडत नाही. बाहेर घरच्या मंडळींची खटपट चाललेली, आत दोन अनोळखी माणसं. तिला लग्नच करायचं नाहीये, तिला ऑस्ट्रेलियाला जायचंय. तो रखडत रखडत इंजिनिअर झालाय, त्याचा जीव स्वयंपाकात रमतो आणि घरात त्याला काडीची किंमत नाही. दार उघडेपर्यंत वेळ घालवायचा म्हणून दोघं आपापली हकिगत सांगू लागतात.

२९ जुलै २०१६ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘पेळ्ळी चूपुलू’ या तेलुगू सिनेमाची ही सुरुवात. नावाचा अर्थ, आपण ज्याला कांदेपोह्यांचा कार्यक्रम म्हणतो तो. दिग्दर्शक तरुण भास्करचा हा पहिला मोठा चित्रपट, नायक विजय देवरकोंडा तेव्हा फारसा कुणाला ठाऊक नव्हता, नायिका रितू वर्मा हैदराबादेतच वाढलेली. मारामारी नाही, परदेशातलं गाणं नाही, खलनायक नाही. अगदी बेताच्या खर्चात केलेला हा सिनेमा आधी हैदराबादेत, मग आंध्रातल्या गावांत आणि पुढे अमेरिकेतल्या तेलुगू माणसांतही चालला तो एकाने दुसऱ्याला सांगून.

मी तो पुष्कळदा पाहिलाय आणि दर वेळी त्या बंद खोलीपाशीच रेंगाळतो. मुलगी बघण्याच्या कार्यक्रमात दोघंही परीक्षेला बसलेले असतात. कपडे घडीचे, उत्तरं पाठ. इथे ती परीक्षाच रद्द झालेली आहे. नायिका चित्रा पहिल्याच झटक्यात सांगून टाकते की मला या लग्नात रस नाही. प्रशांतवरचं ओझं त्या एका वाक्याने उतरतं. मग तो आपल्या नापासाच्या, मित्रांबरोबर केलेल्या टवाळ व्हिडिओंच्या गोष्टी न लाजता सांगतो. ती आपल्या मोडलेल्या प्रेमाबद्दल आणि त्याबरोबर मोडलेल्या धंद्याबद्दल सांगते. आधीच्या मित्राबरोबर फूड ट्रक काढायचं ठरलं होतं, तो ऐनवेळी मागे फिरला. ऐकताना प्रशांतचा चेहरा बदलतो. तिच्या रूपाबद्दल त्याने अजून चकार शब्द काढलेला नाही, पण खाण्याच्या गाडीचा विषय निघताच तो सावरून बसतो. या सिनेमातलं प्रेम मला तिथे सुरू झालेलं दिसतं. पुढे कळतं की पत्ता चुकला, हे लोक भलत्याच घरी आले. प्रशांत ‘बरोबर’ घरी जातो, तर तिथला श्रीमंत सासरा म्हणतो, आधी काहीतरी करून दाखव. मग तो चित्राकडे परत येतो ते धंद्यात भागीदार म्हणून.

चांगल्या तेलुगू प्रेमविनोदी सिनेमाचं बळ कशात आहे, असं मला कुणी विचारलं तर मी याच जागेवर बोट ठेवेन. तिथे दोघांच्या मध्ये उभा असतो तो पोटापाण्याचा प्रश्न. हिंदी सिनेमातल्या प्रेमिकांना पुष्कळदा कामधंदा असतो तो कार्डावर छापण्यापुरता. तेलुगूत नायक काय करतो, काय कमावतो, बापाने त्याच्यावर किती घातले आणि त्यातून काय निघालं, हे विचारल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही. ज्या समाजाने पोरांना इंजिनिअर करण्यासाठी शेतं विकली, कोचिंगच्या वसतिगृहांत वर्षं घालवली आणि अमेरिकेच्या व्हिसासाठी देवळात प्रदक्षिणा घातल्या, त्या समाजाला हा प्रश्न हसत हसत विचारलेला हवा असतो. मोठ्याने विचारला तर घरात रडारड होते.

आणि हे आजचं नाही. १९५५ चा एल. व्ही. प्रसाद यांचा ‘मिस्सम्मा’ घ्या. सावित्री आणि एन. टी. रामाराव. दोघं शिकलेले आणि बेकार. एका जमीनदाराच्या शाळेला शिक्षक हवेत, पण नवरा-बायको असलेले. तिच्या घरावर कर्ज आहे, याच्या हातात पैसा नाही, म्हणून हिंदू मुलगा आणि ख्रिस्ती मुलगी नोकरीसाठी खोटं जोडपं होऊन त्या गावी जाऊन राहतात. मूळ कथाबीज बंगाली नाटकाचं, पुढे त्यावर हिंदीत ‘मिस मेरी’ही आला. पण पदवीधर बेकारीवर उभी राहिलेली इतकी प्रसन्न प्रेमकथा तेलुगू प्रेक्षकाने आपली मानली आणि घराघरांत जपली. साठ वर्षांनी आलेल्या चित्रा आणि प्रशांतचे हे आजी-आजोबाच म्हणायचे.

मधल्या काळात दिग्दर्शक जंध्यालांनी ही परंपरा निखळ हास्याकडे नेली. १९८७ च्या ‘अहा ना पेळ्ळंटा’मध्ये कोटा श्रीनिवास रावांनी रंगवलेला कंजूष बाप कोंबडी छताला टांगून तिच्याकडे बघत भात जेवतो. तो प्रसंग तेलुगू घरांत आजही म्हणीसारखा वापरला जातो. २००६ च्या ‘बोम्मरिल्लू’त प्रकाश राजचा बाप पोराच्या आयुष्यातली प्रत्येक गोष्ट स्वतः निवडतो. पोराच्या मनात दोनच इच्छा आहेत, स्वतःची बांधकाम कंपनी आणि स्वतः पसंत केलेली मुलगी. पुन्हा बघा, धंदा आणि प्रेम एकाच श्वासात. यातली नायिका हसिनी म्हणजे आपली जेनेलिया. महाराष्ट्राने तिला खूप नंतर ‘वेड’मधून मराठीत पाहिलं, तेलुगू घरांनी तिला पंधरा-सोळा वर्षं आधीच लेकीसारखं उचलून घेतलं होतं.

दिग्दर्शक शेखर कम्मुला यांच्याबद्दल मात्र घाईने लिहिणं अन्यायाचं होईल. २००४ च्या ‘आनंद’मध्ये लग्नाच्या तोंडावर साडीवरून वाद होतो आणि रूपा लग्न मोडते. एवढ्याशा कारणावरून एखादी मुलगी लग्न मोडते आणि सिनेमा शेवटपर्यंत तिच्या बाजूने उभा राहतो, हे त्या काळच्या तेलुगू पडद्यावर फार धीराचं होतं. नायक तिच्या शेजारी येऊन राहतो आणि वाट बघतो. पाठलाग, धमकी, रस्त्यात अडवणं यांना प्रेम म्हणायची सवय लागलेल्या प्रेक्षकाला कम्मुलांनी वाट बघणारा पुरुष दाखवला. नंदिनी रेड्डींचा २०११ चा ‘अला मोदलैंदी’ आणि पाच वर्षांनी आलेला ‘पेळ्ळी चूपुलू’ यांची वाट ‘आनंद’ने मोकळी केली, असं मी मानतो.

पोटापाण्याइतकीच दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे, ती म्हणजे बोली.

सोलापूरच्या पूर्व भागात, जिथे यंत्रमागांचा खडखडाट आणि तेलुगू बोलणं एकत्रच कानावर येतं, तिथे एका पद्मशाली मित्राच्या घरी मी ‘पेळ्ळी चूपुलू’ पुन्हा पाहिला. मित्राची आजी खाटेवर बसून विड्या वळत होती. तिचं अर्धं लक्ष सुपात, अर्धं टीव्हीवर. प्रशांतचा मित्र कौशिक, म्हणजे प्रियदर्शी, तोंड उघडायचा अवकाश की आजीचे हात थांबायचे. मी उपशीर्षकं वाचून हसेपर्यंत तिचं हसून झालेलं असायचं. एकदा ती नातवाला म्हणाली, “अरे, हा तर आपल्या घरातलं बोलतोय.” तिचं माहेर तेलंगणातलं. तिच्या तरुणपणी पाहिलेल्या सिनेमांत तेलंगणाची बोली असायची ती गुंडाच्या, नाहीतर घरगड्याच्या तोंडी. नायक बोलायचा कृष्णा-गोदावरीकाठची ‘शुद्ध’ तेलुगू. आपली भाषा पडद्यावर फक्त मार खाण्यासाठी किंवा हसं होण्यासाठी येते, हे तिने सत्तर वर्षं निमूट पाहिलं होतं.

२ जून २०१४ ला तेलंगण वेगळं राज्य झालं. त्यानंतर दोन वर्षांनी ‘पेळ्ळी चूपुलू’ आणि तीन वर्षांनी कम्मुलांचा ‘फिदा’ आला. ‘फिदा’त बांसवाड्याची भानुमती, म्हणजे साई पल्लवी, तेलंगणी ठसक्यात नायकाला निरुत्तर करते आणि बापाला सोडून अमेरिकेला यायला नकार देते. मूळच्या तमिळनाडूच्या साई पल्लवीने ही बोली शिकून स्वतःच्या आवाजात संवाद म्हटले. ‘पेळ्ळी चूपुलू’त तर संवाद चित्रीकरणाच्या जागीच ध्वनिमुद्रित केले. ज्या सिनेसृष्टीत वर्षानुवर्षं नायिकेचा चेहरा एकीचा आणि आवाज दुसरीचा असतो, तिथे हा फरक थेट कानाला कळतो. बोलताना मध्येच घेतलेला श्वास, अर्धवट सोडलेलं वाक्य, एकाच्या बोलण्यावर दुसऱ्याचं बोलणं, हे डबिंगच्या खोलीत सहसा हरवतं. विनोद तर बहुधा त्या अर्धवट वाक्यातच असतो.

मराठी वाचकाला हे सांगताना २९ एप्रिल २०१६ ची आठवण येणारच. त्या दिवशी ‘सैराट’ आला आणि करमाळ्याकडची बोली नायिकेच्या तोंडी राज्यभर ऐकू आली. बरोबर तीन महिन्यांनी शेजारच्या राज्यात ‘पेळ्ळी चूपुलू’ आला. दोन्ही सिनेमांची जात वेगळी, शेवट तर टोकाचे वेगळे. पण आपल्यासारखं बोलणारं माणूस पडद्यावर मान वर करून उभं आहे, हे पाहून प्रेक्षक जो सुखावतो, ते सुख एकच. त्या वर्षाच्या राष्ट्रीय पुरस्कारांत ‘कासव’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा आणि ‘व्हेंटिलेटर’साठी राजेश मापुसकरांना दिग्दर्शनाचा मान मिळाला, त्याच यादीत ‘पेळ्ळी चूपुलू’ सर्वोत्कृष्ट तेलुगू चित्रपट ठरला आणि तरुण भास्करला संवादलेखनाचा पुरस्कार मिळाला. संवादाला दिलेला तो पुरस्कार मला सगळ्यात योग्य वाटतो.

कारण गोष्ट उचलून नेता येते, संवाद नेता येत नाही. या सिनेमाची हिंदी आवृत्ती ‘मित्रों’ २०१८ मध्ये आली, मल्याळममध्ये २०१९ ला आणि तमिळमध्ये २०२१ ला. दार तसंच अडकतं, गाडी तशीच निघते. हिंदीत कथा गुजरातेत नेली, नट जीव ओतून काम करतात, पण खोलीतलं बोलणं लिहिलेलं वाटतं. ‘वेड’ हे ‘मजिली’ या तेलुगू सिनेमावरून केलेलं, आणि ते मराठीत रुजलं, कारण त्याच्या मुळाशी दुःख होतं. दुःखाला दुभाषा फारसा लागत नाही, विनोदाला पदोपदी लागतो.

आता खटकणाऱ्या गोष्टी. ‘पेळ्ळी चूपुलू’ उत्तरार्धात सैलावतो. दोन्ही बाप फार लवकर विरघळतात. आणि या सिनेसृष्टीने त्याच्या यशातून घेतलेला धडा मला आजही सलतो. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१७ मध्ये, तोच विजय देवरकोंडा ‘अर्जुन रेड्डी’ झाला. ऐकून घेणाऱ्या प्रशांतपेक्षा हात उगारणारा अर्जुन बाजाराला जास्त भावला. नंतर देशभर एकाच वेळी प्रदर्शित होणाऱ्या भव्य सिनेमांची लाट आली. त्यांना अनेक भाषांत चालेल असा नायक हवा असतो, आणि असा नायक बोलतो कमी, चालतो सावकाश. बोलीवर जगणाऱ्या प्रेमकथेला तिथे जागा नाही.

तरी ती मेलेली नाही, आणि हे मी मनापासून आनंदाने लिहितो. २०२० च्या ‘मिडल क्लास मेलडीज’मध्ये गुंटूरजवळच्या खेड्यातल्या मुलाला शहरात हॉटेल काढायचंय, कशाच्या जोरावर, तर आपल्या हातच्या बॉम्बे चटणीच्या. बेसनाची ही पातळ चटणी आंध्रात पुरीबरोबर, इडलीबरोबर खातात. आपल्या पिठल्याच्या नात्यातला हा पदार्थ आपल्या मुंबईचं नाव लावून तिकडे प्रेमकथेचा आधार झालाय. त्यातला सतत करवादणारा बाप शेवटी पोराच्या हॉटेलसाठी उभा राहतो तेव्हा डोळ्यांत पाणी येतं. २०२५ चा ‘लिटल हार्ट्स’ तर प्रवेशपरीक्षेत आपटलेल्या पोरापोरीची गोष्ट सांगतो. दोघं पुन्हा वर्षभर क्लासला घातलेली, म्हणजे तिथल्या भाषेत ‘लाँग टर्म’. नायक मोठा नाही, खर्च छोटा, आणि चित्रपटगृहांत कॉलेजच्या पोरांची गर्दी. मिस्सम्मातले दोघं नोकरी शोधत होते, हे दोघं अजून गुण शोधताहेत.

पण मुलगी काय करते, याचं उत्तर या सिनेमांनी अजून पुरतं दिलेलं नाही. ‘पेळ्ळी चूपुलू’त धंद्याची कल्पना चित्राची, चिकाटी चित्राची, आणि घडतो, सुधारतो, वडिलांच्या नजरेत उभा राहतो तो प्रशांत. तिचं ऑस्ट्रेलियाचं स्वप्न, ज्यासाठी ती पहिल्या प्रसंगात लग्न नाकारत होती, कथेच्या ओघात मागे पडतं. ही कहाणी तिच्या बाजूने सांगणाऱ्या नंदिनी रेड्डींसारख्या दिग्दर्शिका तेलुगूत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत.

सोलापुरात त्या दिवशी सिनेमा संपला, मित्राने टीव्ही बंद केला. आजीने वळलेल्या विड्यांचा जुडगा बांधला, सूप बाजूला सारलं आणि नातवाला विचारलं, “गाडी चालली, लग्न जमलं, ते झालं. पण त्या पोरीला परदेशी जायचं होतं ना? त्याचं काय झालं रे?”

नातवाने माझ्याकडे पाहिलं. मलाही सांगता आलं नाही.