आत दबलेले सिंह

१९९२ ते २००४ या वर्षांचा स्टेनलेस स्टीलचा रुपया आपल्या हातून किती वेळा गेला असेल! व्यास २५ मिलिमीटर, वजन ४.८५ ग्रॅम, नजर ठरावी असं त्यात काही नाही. पण त्याच रुपयाचं एखादं ‘लाखी’ नाणं, म्हणजे ब्रोकेज, समोर आलं तर भिंग काढून निवांत बसावं.

एका बाजूला नेहमीचे सिंह, उठावदार. नाणं पालटलं तरी सिंहच. फक्त आत दबलेले आणि आरशातल्यासारखे उलटे. शेजारचं ‘भारत’ उजवीकडून डावीकडे चाललेलं. १ चा आकडा नाही, कणसं नाहीत, वर्ष नाही. मुंबईची चौकट नाही की हैदराबादचा तारा नाही. रुपया आहे, पण कधीचा आणि कुठला हे सांगायला तयार नाही.

झालं असं, की आधीचा रुपया आकड्याच्या साच्याला चिकटून राहिला. पुढची कोरी चकती आली ती सिंहाचा साचा आणि हा चिकटलेला रुपया यांच्यामध्ये. घाव बसला. एका अंगाला साच्याने सिंह उठवले, दुसऱ्या अंगाला रुपयाच्या सिंहांनी आपला खड्डा पाडला. हा पहिलाच घाव असेल तर दबलेल्या आयाळीची रेघन् रेघ मोजता येते. चिकटलेला रुपया तसाच राहिला, तर घावागणिक तो पसरतो आणि पुढच्या नाण्यांवरचे सिंह पसरट, धूसर होत जातात.

आता नकली. दोन नाणी शेगड्यात आवळली, तरी एकाचा छाप दुसऱ्यावर उलटा उमटतो. पण तिथे जागा कोरी नव्हती. दबलेल्या सिंहाच्या खाली चेपलेलं कणीस सापडतं, आकड्याची पुसट कड दिसते. अस्सल लाखीत खाली काही नसतंच. चूक आणि इजा यांतला फरक हा क्रमाचा आहे: आधी काय झालं, मग काय झालं. धातू ते लपवत नाही. साच्याला तडा गेला, तर धातू त्या फटीत शिरतो आणि नाण्यावर रेघ उंच येते. खिळ्याने ओढलेली रेघ खोल जाते आणि तिच्या काठाला सरकलेला धातू बोटाला लागतो.

माझी सगळ्यात आवडती खूण मात्र चंद्रकोरीसारखा तुकडा गेलेल्या नाण्याची. पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही, की ठोकणी आधीच्या भोकावरच थोडी पडते आणि चकती कोर गमावून बाहेर येते. मग काठ उचलणाऱ्या यंत्रात, कोर समोर आली की पलीकडच्या बाजूवर दाबच पडत नाही. म्हणून तुकडा जिथे नाही तिथे पाहू नये, त्याच्या बरोब्बर समोर पाहावं: तिथला काठ बहुधा पुसट असतो. कानस घेऊन बसणाऱ्याला हे सुचत नाही. तो कोर छान कोरतो आणि समोरचा काठ ठणठणीत सोडतो.

दहाच्या नाण्याचा गाभा ठोकून काढून उलटा बसवणारेही आहेत. त्यांच्यावर शाई घालवत नाही.

शिवराईला मात्र ही फूटपट्टी लावू नये. तिथे साचा चकतीहून मोठा आणि घाव हातोड्याचा. ‘श्री राजा शिव’ पुरतं उमटलेली शिवराई विरळा, म्हणून अर्धं अक्षर बाहेर गेलं तर ती चूक नव्हे, रीत. जुन्या चांदीच्या रुपयावरचे सराफांचे टाचेही टांकसाळीचे नव्हेत. चांदी पारखताना पडलेले ते घाव आहेत. त्यांना चूक म्हणून जादा दाम मोजू नये.

आणि लाखी हाती लागलीच, तर ती घासून चकचकीत करू नका. घावाच्या वेळी धातू वाहिल्याच्या बारीक रेषा त्या झिलईतच असतात. त्या गेल्या की अस्सल-नकलीचा अर्धा पुरावा गेला.