पॉलिबियसप्रणीत रोमन राज्यघटना : पदांच्या समतोलाची चिकित्सा

रोमन प्रजासत्ताकातील राजकीय पदांचा विचार पॉलिबियसला वगळून करता येत नाही. इ.स.पू. १६७ मध्ये एक हजार अकियन ओलिसांसमवेत इटलीत आणल्या गेलेल्या या ग्रीक इतिहासकाराने आपल्या ग्रंथाच्या सहाव्या खंडात कॉन्सल, सीनेट व जनता यांच्या ठायी अनुक्रमे राजसत्ता, अभिजनसत्ता आणि लोकसत्ता पाहिली व त्यांच्या परस्पर नियंत्रणात रोमच्या स्थैर्याचे मर्म शोधले. हा खंड आज त्रुटित स्वरूपातच उपलब्ध आहे. तरीही सत्तासंतुलनाच्या आधुनिक चर्चेत त्याला मानाचे स्थान मिळाले. ते सर्वस्वी सार्थ आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

कॉन्सलपदाला राजसत्तेची उपमा देणे मुळातच सैल आहे. कॉन्सल दोन, मुदत एक वर्षाची आणि एकास दुसऱ्याच्या विरोधाचा अधिकार. शिवाय सैन्याचे धान्य, वस्त्रे व वेतन सीनेटच्या संमतीविना मिळत नाही आणि वर्ष संपल्यावर सेनापतीला कायम ठेवायचे की नवा पाठवायचा हेही सीनेटच ठरवते, असे पॉलिबियस स्वतःच सांगतो. मुदतवाढीकडे तो सीनेटच्या हातातील लगाम म्हणून पाहतो. पुढे इ.स.पू. ५९ मध्ये सीझरला पाच वर्षांचे सेनापतित्व मिळाले ते व्हॅटिनियसने जनसभेत संमत करून घेतलेल्या कायद्याने. लगाम सीनेटच्या हातून निसटला होता.

विवेचनातील सर्वांत विलक्षण स्थळ मात्र ट्रिब्यूनविषयीचे आहे. एका ट्रिब्यूनने नकाराधिकार वापरला तरी सीनेटचा निर्णय अडतो, एवढेच नव्हे तर तिची बैठकही भरू शकत नाही, असे सांगून पॉलिबियस पुढे म्हणतो की ट्रिब्यून जनतेच्या इच्छेनुसार वागण्यास सदैव बांधलेला असतो. ही दोन विधाने त्याने जणू एकाच सूत्रात ओवली आहेत. प्रत्यक्षात ट्रिब्यून दहा होते, आणि त्यांपैकी एकाने जनतेला हव्या असलेल्या प्रस्तावालाच अडवले तर काय, याचे उत्तर या मांडणीत नाही.

इ.स.पू. १३३ मध्ये नेमके हेच घडले. टायबेरियस ग्रॅकसच्या जमीनविषयक कायद्याला त्याचाच सहकारी ऑक्टेव्हियस आडवा आला. ३५ जमातींपैकी १८ व्या जमातीच्या मताने ऑक्टेव्हियस पदच्युत झाला. जनतेचे अहित करणारा ट्रिब्यून हा ट्रिब्यूनच नव्हे, हा प्लुटार्कने नोंदवलेला ग्रॅकसचा युक्तिवाद पॉलिबियसच्या दुसऱ्या विधानाशी जुळतो. ऑक्टेव्हियसची कृती पहिल्याशी. म्हणजे दोन्ही पक्ष परंपरेचाच आधार घेत होते. ग्रॅकसची बहीण सेंप्रोनिया ही पॉलिबियसचा स्नेही सिपिओ एमिलियानस याची पत्नी, हा योगायोग येथे लक्षणीय वाटतो.

जनतेच्या सत्तेचे चित्रही अपुरेच. कॉन्सल निवडणाऱ्या सभेत मते शतकनिहाय मोजली जात. १९३ शतकांच्या मूळ रचनेत अश्वारोहींची १८ व प्रथम वर्गाची ८० मिळून बहुमत सिद्ध होई. पुढील सुधारणेनंतरही संपत्तीचे वजन टिकून राहिले. या रचनेचे विवेचन सहाव्या खंडाच्या उपलब्ध भागात आढळत नाही.

ट्रिब्यूनपदाचे सामर्थ्य सुल्लाने अचूक ओळखले होते. इ.स.पू. ८१ च्या सुमारास त्याने ट्रिब्यूनांचे अधिकार छाटले आणि त्या पदावर गेलेल्यास पुढील पदांचे दार बंद केले. ही बंदी इ.स.पू. ७५ मध्ये उठली. उर्वरित अधिकार ७० मध्ये, पाँपी व क्रॅसस यांच्या कॉन्सलपदाच्या काळात परत आले.