जोडीचे नृत्य आणि आमचे सोवळे

गेल्या वर्षी आदिलाबादेतील एका गणेशोत्सवाच्या सभेत बंगळूरला नोकरी करणाऱ्या एका तरुण दांपत्याचा अर्ज वाचला गेला. ‘स्विंग’ नावाचे अमेरिकन जोडीनृत्य उत्सवाच्या रंगमंचावर करून दाखविण्याची त्यांची इच्छा होती. ‘देवापुढे परकीय धिंगाणा नको’ एवढ्या एका वाक्यात अर्ज निकालात निघाला. वकील म्हणून माझे मत विचारण्यात आले. ‘मंडळाचा अधिकार आहे’ असे सांगून मी गप्प बसलो. विसर्जनाच्या दिवशी मात्र तीच ज्येष्ठ मंडळी कोपरे दुमडून, खांदे किंचित उडवीत, भगवानदादांच्या थाटात मिरवणुकीपुढे नाचू लागली, आणि मला माझ्या मौनाची लाज वाटली.

कारण भगवान आभाजी पालव या गिरणीकामगाराच्या मुलाचा तो थाट तरी निर्भेळ स्वदेशी कोठे होता? त्यांच्या ‘अलबेला’ (१९५१) चित्रपटाचे संगीतकार पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. त्या संगीतात अमेरिकन स्विंग, लॅटिन अमेरिकेचे ताल आणि आपल्या मातीतला ठेका सुखाने एकत्र नांदतात. त्यातील एका नृत्यगीतात आपल्या वाद्यवृंदासह प्रत्यक्ष पडद्यावर दिसणारे ‘चिक चॉकलेट’ हे गोव्यातील हळदोण्याचे आंतोनियो शाविएर वाझ. १९३५ साली लिऑन अॅबे यांचा कृष्णवर्णीय वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला, मागाहून टेडी वेदरफर्डची पियानोवरील बोटे तेथे फिरली, आणि चर्चच्या शाळांतून स्वरलिपी शिकलेल्या गोमंतकीय वादकांनी ही विद्या आत्मसात करून चित्रपटसृष्टीत नेली. कोकणी माणसाचा हा वाटा आपल्या संगीतचर्चेत क्वचितच पदरी पडतो. गीत गाजले की संगीतकाराचे नाव होते. ट्रम्पेट फुंकणारा निनावी राहतो.

आता मूळ आरोपाकडे वळू. साउथ कॅरोलायनाच्या १७४० च्या कायद्याने गुलामांना ढोल आणि शिंगे वाजविण्यास मनाई केली. ढोल गेला, ताल टाळ्यांत आणि तळपायांत उतरला. पुढे हेच लोक प्रार्थनेनंतर रिंगण धरून, पाय जमिनीला घासत फिरत. पायावर पाय पडला तर ते ‘नृत्य’ ठरून पाप होई, म्हणून पाय उचलावयाचाच नाही! सोवळे काय आमच्याकडेच असते? भक्ती आणि नाच यांची अशी गाठ आमच्या जिल्ह्याला तरी नवी नाही. दिवाळीत राजगोंडांची दंडारी निघते, मोरपिसांचा मुकुट घातलेल्या, अंगाला राख फासलेल्या गुस्साडीला लोक देवत्वाचा मान देतात. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील मार्लवाईचे कनकराजू यांना त्याच नृत्यासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आम्हीच टाळ्या वाजविल्या होत्या.

हार्लेममधील ‘सॅव्हॉय’ नृत्यगृह १९२६ साली उघडले. गोरे आणि काळे तेथे एकाच फरशीवर नाचत, ही त्या काळच्या अमेरिकेत लहान गोष्ट नव्हे. तेथे ‘लिंडी हॉप’ वाढीस लागला. लिंडबर्गच्या १९२७ च्या उड्डाणावरून ते नाव पडले असे सांगतात. कॅलिफोर्नियाच्या दाटीच्या नृत्यगृहांतील ‘बाल्बोआ’ त्याहून आटोपशीर, छातीला छाती भिडवून पावलांची बारीक कामगिरी करणारा. ब्लूजचे नृत्य मात्र संथ, गुडघे वाकवून भार जमिनीकडे सोडणारे. मजुरांच्या गुत्त्यांत आणि घरगुती मेळाव्यांत ते रुजले. दिवसभराच्या श्रमाचा शीण त्यात दिसतो.

लिंडीचा खरा प्राण उड्यांत नाही. जोडीदार एकमेकांपासून दूर जातात, क्षणभर सुटे होऊन आपापली करामत दाखवितात, आणि ताल न चुकविता पुन्हा हाती लागतात. आपल्या फुगडीची आठवण करा. हातांची कैची, मागे झुकलेली शरीरे. दोघींचा तोल परस्परांच्या मुठीत. वारीच्या वाटेवर विठ्ठलाच्या नावाने तीच फुगडी चालते. दोहोंचे मूळ एक आहे असा माझा दावा नाही. देहाचा न्याय मात्र एकच आहे.

आणि येथेच भगवानदादांविषयी माझी तक्रार आहे. त्यांनी लय घेतली, हात सोडून दिला. ‘अलबेला’त ते व गीता बाली बहुतांशी शेजारी शेजारी उभे राहून आपल्याकडे तोंड करून नाचतात, एकाचा तोल दुसऱ्यावर क्वचितच येतो. प्रेक्षक हाच त्यांचा जोडीदार. हे उणेपण खरेच, परंतु त्यामुळेच तो नाच कोणालाही जमू लागला. पोक्त कारकुनापासून शाळकरी पोरापर्यंत सर्वांनी तो वरातीत आणि मिरवणुकीत नेला. जोडीशिवायचे जोडीनृत्य हा मुंबईचा शोध मानावयास हरकत नाही. त्या तरुण दांपत्याला जे दाखवावयाचे होते ते नेमके आम्ही गमावलेले अर्धांग होते.

यंदाही त्यांचा अर्ज आला आहे असे कळते. सभा श्रावणात भरेल. माझे म्हणणे या वेळी मी लेखी देणार आहे.