गव्हाणीतला देव आणि जन्माची जात

नाताळात अंधेरी-बोरिवलीच्या ख्रिस्ती गावठाणांत गव्हाणीचे देखावे उभे राहतात. गोठ्यात जन्मलेला, सुताराच्या घरी वाढलेला देव दलिताला जवळचा वाटावा, हे स्वाभाविकच आहे. पण श्रद्धेच्या दृष्टीने ख्रिस्ताने दैन्य स्वेच्छेने पत्करले. आमचे आमच्यावर लादले गेले. हा भेद मराठी ख्रिस्ती साहित्याने पुरेसा ओळखलेला नाही.

ना. वा. टिळकांनी आरंभलेले आणि लक्ष्मीबाईंनी पुढे नेलेले 'ख्रिस्तायन' देवाचे खाली उतरणे गाते. 'स्मृतिचित्रे' मला अधिक मोलाचे वाटते. तेथे एका ब्राह्मण स्त्रीचे सोवळे गळून पडते, आणि ती ते प्रांजळपणे सांगते. तरीही दोन्हीकडे दृष्टी वरून खाली येणाऱ्याचीच आहे. मुळात खालीच जन्मलेला महार-मांग ख्रिस्ती तेथे निवेदक नाही.

राज्यसंस्थेनेही त्याला बाजूलाच ठेवले. १९५० च्या आदेशाने अनुसूचित जाती हिंदूंपुरत्या ठरल्या. १९५६ साली शीख, १९९० साली बौद्ध आत आले, ख्रिस्ती दलित बाहेरच राहिला. धर्म बदलला, वस्ती बदलली नाही.

गव्हाणीची थोरवी गाणाऱ्यांनी आता गव्हाणीतल्यालाच बोलू द्यावे. त्याची भाषा स्तोत्राची नसेल; ती हिशेब मागेल.