आपत्तीची व्याख्या आणि साथीचे रोग

आपत्ती व्यवस्थापनाचा धडा शिकवताना आपण फळ्यावर एक वर्तुळ काढतो. पूर्वतयारी, आपत्ती, मदतकार्य, पुनर्वसन आणि पुन्हा पूर्वतयारी. भूकंप आणि पूर या वर्तुळात नीट बसतात. साथीचा रोग त्यात बसवताना मात्र ओढाताण होते, आणि हुशार विद्यार्थ्याच्या ती लक्षातही येते. साथीच्या बाबतीत 'आपत्ती आली' ती नेमकी कधी?

आपला आपत्ती व्यवस्थापन अधिनियम 2005 सालचा, म्हणजे डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनंतरचा. त्यातील व्याख्या वर्गात मुद्दाम समजावून सांगावी अशी आहे. नैसर्गिक वा मानवनिर्मित कारणांनी, अपघाताने किंवा हलगर्जीपणाने ओढवलेले, जीवित, मालमत्ता वा पर्यावरणाची मोठी हानी करणारे आणि बाधित भागातील लोकांच्या तोंड देण्याच्या क्षमतेपलीकडचे संकट म्हणजे आपत्ती, असा तिचा आशय आहे. खरी अडचण शेवटच्या अटीत आहे.

साधे गणित करू. समजा, एका रुग्णापासून दोघांना लागण होते आणि ही एक पायरी चार दिवसांची आहे. बाराव्या दिवशी नवे रुग्ण 8. प्राथमिक आरोग्य केंद्राला ते सहज झेपतात, तेव्हा व्याख्येप्रमाणे आपत्ती नाही. चाळिसाव्या दिवशी नवे रुग्ण 1024. आता मात्र ती नि:संशय आपत्ती आहे. पण साथ रोखण्याची वेळ होती ती बाराव्या दिवशी! भूकंपात धक्क्यानंतर जागे होणारी यंत्रणाही पुष्कळ जीव वाचवते. साथीत तीच यंत्रणा आपली सगळ्यात सोपी संधी दवडून कामाला लागते.

या दोन संकटांची तुलना करण्याची वेळ महाराष्ट्रावर वर्षभराच्या आतच आली होती. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. घटना एका क्षणाची, जागा ठरलेली. बाहेरून सैन्य आले, धान्य आले, कपडे तर गरजेहून अधिक आले. पुढच्या ऑगस्टमध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यातील मामला गावात पिसवांचा उपद्रव वाढला, उंदीर मरून पडू लागले आणि मग गाठीच्या प्लेगचे संशयित रुग्ण दिसू लागले. भूकंपानंतर सोडून दिलेल्या घरांतील धान्यावर उंदीर माजले, असा तर्कही त्या वेळी मांडला गेला होता. सप्टेंबरमध्ये सुरतेत फुप्फुसाचा प्लेग दिसला आणि काही दिवसांत लाखो लोक शहर सोडून निघाले. त्यांत काही डॉक्टरही होते. किल्लारीकडे मदतीचे ट्रक जात होते. सुरतेहून लोक मिळेल त्या गाडीने बाहेर पडत होते. काही देशांनी तर भारताशी विमानवाहतूकच थांबवली.

हा फरक आपल्या पाठ्यपुस्तकी वर्तुळात कुठेच येत नाही. भूकंपग्रस्ताला सहानुभूती मिळते, रोगग्रस्ताला बहिष्कार. म्हणून भूकंप कोणी लपवत नाही, साथ मात्र लपवली जाते. रुग्ण लपवतो, गाव लपवते, प्रसंगी सरकारेही लपवतात. 1897 साली पुण्यात प्लेगसाठी सैनिकांनी घरोघर झडत्या घेतल्या, तेव्हाही लोकांनी रुग्ण दडवलेच. त्याच वर्षीचा साथरोग अधिनियम अवघ्या चार कलमांचा होता. अधिकाऱ्यांना अधिकार आणि संरक्षण त्याने दिले, पण साथ लवकर कशी ओळखावी याबद्दल त्यात अक्षर नव्हते. हाच कायदा, दुरुस्त्यांसह, 2020 मध्येही आपल्या हाताशी होता.

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या नियमांत आपत्तींची एक यादी होती. तिच्यात चक्रीवादळ, दुष्काळ, गारपीट, ढगफुटी यांच्या जोडीला पिकांवरील कीडहल्लाही होता. माणसांवरील रोगाची साथ नव्हती! देशातील पहिला कोविड रुग्ण 30 जानेवारी 2020 रोजी केरळात आढळला. जागतिक आरोग्य संघटनेने 11 मार्चला त्याला जागतिक महासाथ म्हटले. या निधीतून मदत देण्यासाठी कोविडला आपत्ती मानण्याचा निर्णय केंद्राने घेतला तो 14 मार्चला. दहा दिवसांनी टाळेबंदीचा आदेश निघाला, तोही 2005 च्याच कायद्याखाली. एवढा व्यापक आदेश एका दिवसात काढता आला, हे त्या कायद्याचे बळ मान्य करायला हवे. पण आदेश काढणे आणि साथ वेळेत हेरणे ही दोन वेगळी कामे आहेत.

हेरण्याचे काम 2004 साली सुरू झालेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्पाकडे होते. आरोग्यसेविका, डॉक्टर आणि प्रयोगशाळा यांनी दर आठवड्याला आपापले तक्ते भरायचे, इतके साधे ते काम. हेलिकॉप्टरमधून होणाऱ्या पाहणीसारखे ते नजरेत भरत नाही. म्हणूनच की काय, आपत्तीच्या धड्यात बोटी, दोर आणि स्ट्रेचरची चित्रे असतात. तक्ता भरणारी आरोग्यसेविका नसते.

वर्गात एक प्रश्न विचारून पाहावा: मामल्यातील आपत्ती कोणत्या दिवशी सुरू झाली? पिसवा चावू लागल्या तेव्हा, पहिला उंदीर मेला तेव्हा, पहिला माणूस तापला तेव्हा, की बातमी छापून आली तेव्हा? उत्तरे आली की ती फळ्यावरच्या वर्तुळात कुठे लिहायची, हे विद्यार्थ्यांनाच ठरवू द्यावे.